रेवस ते रेडी: कोकणचा सागरी मार्ग सायकलवरून करायचा असेल, तर आधी हे वाचा

गणपतीपुळ्याहून रत्नागिरीकडे जाताना लागणारा आरे-वारेचा रस्ता तुम्ही रीलमध्ये नक्की पाहिला असणार. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधून पळणारी गाडी. हाच रस्ता सायकलवरून करणाऱ्यांची संख्या गेल्या काही वर्षांत वाढली आहे. पण रीलमध्ये दोन गोष्टी दिसत नाहीत. एक म्हणजे चढ, आणि दुसरी म्हणजे जेट्टीवर उभं राहून फेरीबोटीची वाट बघणं.

हा सागरी मार्ग नेमका आहे काय?

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या रस्त्याची कल्पना पुढे आली. रायगडमधल्या रेवसपासून सिंधुदुर्गातल्या रेडीपर्यंत, म्हणजे साधारण ५०० किलोमीटर. मधल्या खाड्यांवरचे सगळे पूल काही झाले नाहीत, त्यामुळे सलग महामार्ग असा तो कधी बनलाच नाही. गावागावांना जोडणारा, कुठे दुपदरी तर कुठे एसटी आली की सायकल बाजूला घ्यावी लागेल एवढा अरुंद रस्ता, असंच त्याचं रूप राहिलं.

सायकलवाल्यांना तो आवडतो तो याच कारणाने. मुंबई-गोवा महामार्गावरचे ट्रक आणि खासगी बस इकडे येत नाहीत.

मुंबईकरांसाठी सुरुवात सोपी आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट २०२० साली सुरू झाली, ती सायकलही घेते. पुढे अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड. हा टप्पा सगळ्यात प्रसिद्ध आणि खरं सांगायचं तर शनिवार-रविवारी सगळ्यात तापदायक. पर्यटकांच्या गाड्या, अरुंद रस्ता आणि वळणावर ओव्हरटेक. हा भाग शक्यतो मधल्या वारी करावा.

'किनारा म्हणजे सपाट' हा गैरसमज

कोकणात गाव असतं खाडीकाठी किंवा पुळणीला लागून, आणि दोन गावांच्या मध्ये असतो सडा. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. त्यामुळे रस्ता गावातून निघाला की सड्यावर चढतो, वरून थोडा सरळ जातो आणि पुढच्या खाडीसाठी पुन्हा खाली उतरतो. असं दिवसातून चार-पाच वेळा. एकही चढ सह्याद्रीतल्या घाटाएवढा लांब नसतो, पण अंगावर येणारा असतो. ७० किलोमीटरच्या दिवशी संध्याकाळी पाय दुखतात ते या चढउतारांच्या बेरजेमुळे. मैदानी भागात दिवसाला १२० किलोमीटर करणाऱ्याने इथे ७०-८०चाच हिशोब धरावा. म्हणजे पूर्ण मार्गाला सात दिवस.

अपवाद आहेत. दिवेआगर ते श्रीवर्धन हा आरावी, कोंडविलमार्गे जाणारा रस्ता बराचसा समुद्राला चिकटून जातो आणि अख्ख्या मार्गातला बहुधा सगळ्यात सुखाचा तुकडा तोच. केळशी, आडे, पाडले, आंजर्ले हा पट्टाही तसाच. उलट हर्णैहून दापोलीला जायचं ठरवलंत तर चढच चढ, कारण दापोली डोंगरावर वसली आहे. देवगडचा सडा वेगळ्या अर्थाने अवघड आहे. चढ संपतो, पण मग दूरवर सावली नाही. तिथे पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. वारा मोकाट असतो.

चढांसाठी पुढे छोटी चकती आणि मागे मोठ्या दातांची कॅसेट असलेली सायकल बरी. टायर २८ मिलिमीटरपेक्षा बारीक नको. उतारावर वळण संपताच गुरं बसलेली असू शकतात, त्यामुळे ब्रेक पॅड निघण्यापूर्वीच बदलून घ्यावेत.

खाड्या आणि फेरीबोटी

या मार्गाचं वेळापत्रक तुम्ही ठरवत नाही, फेरीबोट ठरवते. राजपुरीच्या खाडीत आगरदांडा ते दिघी, सावित्रीच्या मुखाजवळ बागमांडला ते वेश्वी, वाशिष्ठीवर दाभोळ ते धोपावे, शास्त्री नदीवर तवसाळ ते जयगड. चारही ठिकाणी सायकल बोटीत चढवता येते. शेवटी रेडीच्या पुढे तेरेखोलहून केरीला गोव्याची फेरी आहे, म्हणजे प्रवास थेट गोव्यात संपवता येतो.

शेवटची बोट चुकली तर काय? दाभोळचं उदाहरण घ्या. समोरचा किनारा डोळ्यांना दिसत असतो, पण रस्त्याने गुहागरला जायचं तर दापोली, खेड, चिपळूण असा वळसा शंभर किलोमीटरच्या पुढे जातो. बागमांडल्याला चुकली तर आंबेत-म्हाप्रळवरून फिरून यावं लागतं. मोबाइलमधला नकाशाही इथे फसवतो. लांबची दोन गावं टाकली की तो सरळ महामार्गाकडे वळवतो. त्यामुळे किनाऱ्यावरची छोटी गावं एकेक करून टाकावीत.

दक्षिणेकडेच का जायचं?

कारण वारा. शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे कामाला येतात. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे हलका वारा असतो. दुपारी समुद्रावरून सुटणारा वारा या किनाऱ्यावर बहुतेक वेळा वायव्येकडून येतो. उत्तरेकडून दक्षिणेला जाणाऱ्याला तो पाठीशी मिळतो, गोव्याकडून वर येणाऱ्याला तोंडावर.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून उकाडा आणि घाम यांनीच माणूस दमतो. पावसाळ्यात दृश्य सुंदर असतं, पण खवळलेल्या समुद्रामुळे बोटी बंद राहू शकतात आणि शेवाळलेल्या रस्त्यावर टायर टिकत नाही. नाताळचा आठवडा टाळलेलाच बरा. फेब्रुवारीअखेर निघालात तर बाणकोटजवळच्या वेळासला थांबता येईल, तिथे त्या सुमारास ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात.

खाणं, पंक्चर आणि दुपारची झोप

दुपारी एक ते चार या वेळेत कोकणातली छोटी गावं झोपलेली असतात. दुकान उघडं दिसलं तरी गल्ल्यावर कोणी नसेल. पाणी आणि खाणं त्याआधीच भरून घ्यावं. घरगुती खानावळीत जाऊन ताट लगेच मिळेल असं समजू नका. 'किती माणसं, मासे की शाकाहारी' हे सकाळी फोन करून सांगावं लागतं, मग मात्र जेवण असं मिळतं की पुढचा चढ नकोसा होतो.

गावातला सायकलवाला साधं पंक्चर काढून देईल, पण रोड बाइकच्या बारीक व्हॉल्व्हची ट्यूब त्याच्याकडे नसते. दोन जादा ट्यूब आणि पंप सोबत हवाच. खाऱ्या हवेत साखळी पटकन गंजते, त्यामुळे रोज रात्री पुसून तेल द्यावं. परतीसाठी कोकण रेल्वे आहे, पण स्टेशनं किनाऱ्यापासून बरीच आत आहेत आणि सायकल पार्सल म्हणून आधी बुक करावी लागते.

मग पूल झाले की?

महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने आता हा मार्ग नव्याने हाती घेतला आहे. त्यात खाड्यांवरचे मोठे पूल आहेत. काठावरच्या गावांसाठी याचा अर्थ साधा आहे. रात्री कोणी आजारी पडलं तर पलीकडच्या दवाखान्यासाठी सकाळच्या पहिल्या बोटीची वाट बघावी लागणार नाही.

सायकलवाल्यांसाठी हिशोब उलटा पडू शकतो. बोटीमुळेच आज या रस्त्यावरची वाहतूक टप्प्याटप्प्याने, एका वेळी थोड्या गाड्यांची येते. पूल झाला की गाड्या सलग आणि वेगात येतील, आणि गावातून जाणारे बरेचसे जुने तुकडे आहेत तेवढेच अरुंद राहतील. सायकलसाठी कडेला दीड-दोन मीटरची पक्की पट्टी सोडली तर दोन्ही गोष्टी जमू शकतात. तोवर ज्यांना हा मार्ग संथपणे करायचा आहे, त्यांनी आदल्या गावातून निघण्यापूर्वी शेवटच्या फेरीची वेळ विचारून घ्यावी. ती ऋतूप्रमाणे आणि ओहोटीप्रमाणे बदलते.