बंद कॅमेऱ्यातही उतरणारी बॅटरी

कॅमेरा बंद करून ठेवला तरी बॅटरी उतरते, हा दोष छायाचित्रणाच्या इतिहासात फार उशिरा आला. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी, व्यावसायिक छायाचित्रकार हरिश्चंद्र चिंतामण ही त्या काळातली नावे. त्यांच्या कॅमेऱ्यात लाकडी पेटी, भिंग आणि रसायन लावलेली काच एवढेच असे. पुढची शंभर वर्षे कॅमेरा चालला तो स्प्रिंग आणि दातेरी चाकांवर. घरोघरी पोहोचलेल्या अग्फा क्लिक-३ मध्येही बॅटरीला जागा नव्हती.

बॅटरी कॅमेऱ्यात शिरली ती प्रकाश मोजण्यासाठी. सेलेनियमचे जुने मीटर प्रकाशावरच वीज निर्माण करत, त्यांना सेल लागत नसे. कॅडमियम सल्फाइडच्या मीटरला मात्र लहान पाऱ्याचा सेल हवा असे. या मीटरला प्रत्येक कॅमेऱ्यात बंद करण्याचे बटण होतेच असे नाही. १९६६ च्या रोलाय ३५ मध्ये ते नव्हते. मीटर कायम चालू असे, फक्त अंधारात त्याचा रोध वाढून प्रवाह अगदी कमी होई. त्यामुळे कॅमेरा चामडी कव्हरात घालून ठेवणे हाच सेल वाचवण्याचा उपाय होता. न वापरलेल्या कॅमेऱ्यात सेल उतरण्याचा हा पहिला प्रकार म्हणावा लागेल.

फ्लॅशगनने दुसरा प्रकार आणला. चार पेन्सिल सेलवर चालणारी गन आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास दाब साठवते आणि कपॅसिटरमधून थोडा भार सतत गळत राहतो. साधे सेल उतरल्यावर फुटत, त्यातला द्रव पत्र्यांवर पसरून पांढरी-हिरवी पूड धरे. काम संपले की सेल काढून ठेवायचे, ही स्टुडिओतल्या नवशिक्याला मिळणारी पहिली शिस्त त्यातूनच आली. ती आजही तितकीच खरी आहे.

गळतीचा हा त्रास गावोगावच्या फोटोग्राफरपर्यंत कसा पोहोचला, याचे एक उदाहरण अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या प्रवराकाठच्या बेलापूर परिसराचे. तिथे फोटोग्राफीच्या व्यवसायाला पोषक स्थिती होती. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ पासून या भागातून जातो. श्रीरामपूरच्या रेल्वे स्थानकाला नाव मिळाले तेही बेलापूरचेच. १९२६ साली भंडारदरा धरणाचे उद्‌घाटन झाले, प्रवरेच्या कालव्यांवर ऊस वाढला, हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना चालला. हातात पैसा खेळू लागला की लग्ने थाटात होतात आणि थाटाच्या लग्नाला फोटोग्राफर लागतोच. पण लग्नसराई चैत्र-वैशाखातली. पारा चाळिशीच्या आसपास जाण्याचे हेच दिवस, आणि कोणत्याही बॅटरीची आपोआप होणारी गळती उष्णतेने वाढते. डिजिटल कॅमेरा गावोगाव पोहोचला तेव्हा ही गोष्ट जाचक ठरली.

डिजिटल कॅमेऱ्याला पहिल्या दिवसापासून विजेची भूक होती. कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये बनवलेल्या पहिल्या नमुन्याला निकेल-कॅडमियमचे सोळा सेल लागत आणि एक चित्र कॅसेटवर नोंदवायला तेवीस सेकंद जात. पुढे बाजारात आलेल्या अनेक कॅमेऱ्यांत निकेल-मेटल हायड्राइडचे चार्जिंग सेल वापरले जात. हे सेल नुसते ठेवले तरी महिन्याभरात भाराचा मोठा हिस्सा गमावत. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने दहा-बारा तासांचे भारनियमन सोसले. रात्री चार्जिंगला लावलेला सेल सकाळी अर्धवट निघे आणि दोष कॅमेऱ्याच्या माथी बसे. २००५ च्या अखेरीस सान्योने ‘एनेलूप’ हे कमी गळतीचे सेल आणले. लिथियम-आयनची गळती महिन्याला दोन-तीन टक्क्यांच्या घरात असल्याने ही तक्रार मिटायला हवी होती.

ती मिटली नाही, कारण दरम्यान कॅमेऱ्याचे बटणच बदलले होते. जुने बटण तार प्रत्यक्ष तोडत असे. डिजिटल कॅमेऱ्याचे बटण बहुधा आतल्या प्रोसेसरला झोपण्याचा निरोप देते. घड्याळ आणि जागे करणारे मंडल चालूच राहते. एवढ्याने बॅटरी उतरत नाही. १,८०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी पन्नास मायक्रोअँपिअरच्या प्रवाहावर हिशेबाने चार वर्षे टिकेल. तोच प्रवाह दहा मिलिअँपिअर झाला, तर ती साडेसात दिवसांत संपेल. पुढे जीपीएस आणि ब्लूटूथची भर पडली. २०१२ च्या कॅनन ६डी मध्ये जीपीएसचा एक पर्याय निवडला, तर कॅमेरा बंद असतानाही तो ठरावीक अंतराने उपग्रहांचे संकेत घेत राहतो. निकॉनच्या २०१६ नंतरच्या काही कॅमेऱ्यांत बंद अवस्थेतही मोबाइलला फोटो पाठवण्याची सोय आहे. या सोयी ग्राहकाने मागितलेल्या आहेत, परंतु मेनूच्या तळाशी लपल्यामुळे त्यांची किंमत त्याला कळत नाही.

दोष शोधण्याचा क्रम या इतिहासातूनच ठरतो. आधी पूर्ण चार्ज केलेली बॅटरी कॅमेऱ्याबाहेर आठवडाभर ठेवावी. तरीही ती उतरली तर दोष बॅटरीचा. जुन्या किंवा स्वस्त नकली बॅटरीत हे सर्रास आढळते. ती बाहेर टिकली, तर जीपीएस, वाय-फाय आणि ब्लूटूथ मेनूतून बंद करून पुन्हा पाहावे. मग जादा बॅटरी-ग्रिप, लेन्स आणि मेमरी कार्ड एकेक करून काढावे. दोन गोष्टी एकदम बदलल्या की खरे कारण हाती लागत नाही. बहुतेक प्रकरणे इथेच निकालात निघतात.

उरलेल्यांसाठी कारागीर तारा बाहेर काढलेली डमी बॅटरी बसवतात आणि खरी बॅटरी व कॅमेरा यांच्यामध्ये मल्टिमीटर जोडून प्रवाह मोजतात. सुरुवात अँपिअरच्या मापावरून करावी लागते, कारण बॅटरी जोडताच प्रवाह क्षणभर उसळतो. काही मिनिटांत तो मायक्रोअँपिअरवर उतरला तर कॅमेरा निरोगी आहे. मिलिअँपिअरवर अडकला, तर आत कुठेतरी गळतीची वाट झाली आहे. हळदीची आणि गुलालाची पूड, जेजुरीचा भंडारा, घाम, पावसाळी दमट हवा यांचा थर बटणांच्या खाली किंवा आतल्या मंडलाच्या पट्टीवर साचला की ओलावा धरून वीज वाहू लागते. अशा वेळी कॅमेरा उघडून सफाई करणे हेच काम. भाग बदलण्याची घाई करू नये. बॅटरी किंवा कार्डाच्या झाकणाखालचा लहानसा स्विच बिघडल्यानेही कॅमेरा पूर्ण झोपत नाही.

आठवड्याहून अधिक काळ काम नसेल, तर बॅटरी काढून ठेवणे सर्वांत सोपे. तारीख-वेळ आतल्या लहान सेलवर काही काळ टिकते. अनेक कॅमेऱ्यांत हा सेल मुख्य बॅटरीवरूनच चार्ज होतो. बॅटरी थोडा वेळ काढताच तारीख पुसली जाऊ लागली, तर तो सेल थकला आहे असे समजावे. लग्नात दोन कॅमेऱ्यांनी काढलेले फोटो वेळेच्या क्रमाने लावायचे असतात, म्हणून कामाला निघण्यापूर्वी दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळे जुळवून घ्यावीत.