मध्यकर्णशोथ, बालकांतील : प्रतिजैव उपचारांचा इतिहास

कर्णपटलाच्या आतील बाजूस असलेल्या हवायुक्त पोकळीच्या दाहयुक्त विकाराला मध्यकर्णशोथ म्हणतात. सहा महिने ते दोन वर्षे या वयात तो विशेष आढळतो. घसा व मध्यकर्ण यांना जोडणारी नलिका लहान मुलांत आखूड, रुंद व जवळजवळ आडवी असते. त्यामुळे पडशाबरोबर घशातील सूक्ष्मजंतू सहज कानात शिरतात व सुजेमुळे नलिका बंद झाली की आत पू साठतो. मूल रडते, तापते, कान ओढते. पुढे कर्णपटल फाटून पू बाहेर आला की वेदना एकाएकी थांबतात. मराठीत यालाच ‘कान फुटणे’ म्हणतात. वेदना थांबल्यामुळे रोग बरा झाला असा समज होतो आणि पुष्कळदा येथूनच कान वर्षानुवर्षे वाहू लागतो.

सुश्रुतसंहितेत कानाचे अठ्ठावीस रोग सांगितले असून त्यांत कर्णशूल, कर्णस्राव व पूतिकर्ण यांचा समावेश आहे. घरगुती उपचारांत लसूण घालून कढविलेले तेल कानात सोडण्याची पद्धत सर्वत्र रूढ होती. फाटलेल्या पडद्यातून असे तेल आत गेल्यास अपायच होतो. यूरोपात कानामागील अस्थीत साठलेला पू शस्त्रक्रियेने काढण्याचा यशस्वी प्रयत्न झां ल्वी पती या फ्रेंच शल्यचिकित्सकाने १७३६ मध्ये केला. १८७३ मध्ये हेर्मान श्वार्ट्से यांनी या शस्त्रक्रियेला शास्त्रशुद्ध रूप दिले. तरीही पू मेंदूच्या आवरणांपर्यंत पोहोचून मुले दगावत. अशी शस्त्रक्रिया मोठ्या शहरांतील रुग्णालयांपुरतीच होती. जामखेड वा पाथर्डीसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांतील कुटुंबाला ती असून नसल्यासारखीच होती.

१९३५ मध्ये सल्फा औषधांचा आणि १९४० नंतर पेनिसिलिनाचा उपयोग सुरू झाल्यावर हे चित्र पालटले. कानाच्या दाहातून उद्‌भवणारे अस्थिशोथ व मस्तिष्कावरणशोथ हे उपद्रव जेथे औषध वेळेवर मिळे तेथे विरळ झाले. भारतात १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने स्थापन झाला आणि १९५५ पासून तेथे पेनिसिलिनाचे उत्पादन होऊ लागले. याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत पिंपरीच्या मातीतील सूक्ष्मजीवापासून हॅमायसीन हे कवकनाशक मिळाले व पुढे ते कानातील बुरशीवरही वापरले गेले. मात्र नव्या औषधांचा एक धोका फार उशिरा ध्यानी घेतला गेला. पेनिसिलीन व स्ट्रेप्टोमायसीन यांची जोड इंजेक्शने अनेक वर्षे सर्रास दिली जात. स्ट्रेप्टोमायसिनामुळे अंतर्कर्णाला कायमची इजा होऊ शकते, हे त्याच्या शोधानंतर थोड्याच वर्षांत समजले होते. कान वाचविण्यासाठी दिलेले औषध श्रवणशक्तीच हिरावून घेण्याची शक्यता त्यात होती.

औषध देशात तयार होऊ लागले तरी ते गावात कोणी द्यावयाचे, हा प्रश्न सुटला नव्हता. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यात या प्रश्नाला दोन दिशांनी उत्तर मिळाले. प्रवरानगर परिसरात सहकारी साखर कारखान्याच्या पाठबळावर वैद्यकीय न्यास व लोणी येथील ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. ही वाट रुग्णालयाची होती. जिल्ह्याच्या दक्षिणेस जामखेड येथे डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. प्रारंभी प्रशिक्षित परिचारिका गावांत ठेवण्याचा प्रयत्न झाला, तो फसला. मग गावानेच निवडलेल्या, बहुधा निरक्षर आणि अनेकदा दलित समाजातील स्त्रियांना ग्राम आरोग्यसेविका म्हणून शिकविण्यात आले. दर आठवड्याला जामखेडला येऊन त्या शिकत व परत जाऊन घरोघर फिरत. बालकांचे अतिसार, कुपोषण व श्वसनमार्गाचे विकार ओळखणे, साधे उपचार करणे आणि केव्हा रुग्णालयात धाडावे हे ठरविणे, हे त्यांचे काम होते. प्रकल्पाच्या नोंदींनुसार त्या गावांतील बालमृत्यूंचे प्रमाण १९७१ मध्ये दरहजारी १७६ होते, ते १९७६ पर्यंत ५२ वर आले. ही घट एका औषधाची नव्हे. पाणी, आहार, लसीकरण व स्त्रियांचा वाढता आत्मविश्वास या सर्वांचा तो परिणाम होता. १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास मागसायसाय पुरस्कार मिळाला.

कानाच्या रोगास या पद्धतीचे महत्त्व अधिक आहे, कारण त्याची पहिली खूण आईला दिसते आणि निर्णय पहिल्या दोन-तीन दिवसांतच घ्यावा लागतो. अल्पशिक्षित कार्यकर्त्यांच्या हाती जंतुनाशक औषध देणे सुरक्षित आहे काय, या शंकेचे शास्त्रीय निरसन पुढे गडचिरोली जिल्ह्यात झाले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ५८ गावांत न्यूमोनियावर को-ट्रायमोक्झॅझोल देण्याचे काम गावपातळीवर सोपविले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उपचार झालेल्या बालरुग्णांत मृत्यूचे प्रमाण ०·८ टक्के, तर तुलनेसाठी निवडलेल्या भागात ते १३·५ टक्के होते. तो अभ्यास फुप्फुसांचा होता, कानाचा नव्हे. तथापि दोन्ही रोगांचे प्रमुख जंतू समान आहेत.

याच सुमारास पश्चिमेत उलट दिशेचा विचार बळावला. नेदर्लंड्समध्ये व्हान ब्यूखेम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये ४,८६० मुलांचा अनुभव प्रसिद्ध केला. प्रारंभी केवळ नाकातील थेंब व वेदनाशामके दिली असता नव्वद टक्क्यांहून अधिक मुले थोड्याच दिवसांत बरी झाली. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २००४ मध्ये निवडक मुलांत थांबून पाहण्यास मान्यता दिली. मात्र २०११ मधील दोन चाचण्यांत दोन वर्षांखालील व तीन वर्षांखालील मुलांना प्रतिजैव औषधाचा लाभ होतो असे दिसले. थांबून पाहण्यात एक गृहीत दडलेले आहे : मूल दोन दिवसांनी पुन्हा तपासले जाईल. ऊसतोडीसाठी कोपीत राहून स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाबाबत हे गृहीत धरता येत नाही. उलट शहरांत प्रत्येक पडशाला प्रतिजैव औषध दिल्याने जंतूंत प्रतिरोध वाढतो, हेही तितकेच खरे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या बालरोग व्यवस्थापन पद्धतीने यातून व्यवहार्य वाट काढली. कान दुखणे किंवा चौदा दिवसांहून कमी काळ पू येणे यासाठी तोंडाने प्रतिजैव औषध. कानामागे दुखरी सूज असल्यास पहिली मात्रा देऊन तातडीने रुग्णालयात रवानगी. चौदा दिवस वा अधिक वाहणाऱ्या कानात मात्र स्यूडोमोनस व स्टॅफिलोकॉकस हे वेगळे जंतू असतात आणि तेथे गोळ्यांचा उपयोग थोडा. स्वच्छ, मऊ कापडाची वात करून कान वारंवार कोरडा करणे व क्विनोलोन गटातील औषधाचे थेंब सोडणे हाच त्यावरील मुख्य उपचार होय. भारतात बधिरतानिवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ मध्ये सुरू झाला, २०१३ मध्ये पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मध्यकर्णशोथाच्या तपासणीचा समावेश झाला आणि २०२१ मध्ये न्यूमोकॉकस जंतूंवरील लस देशभरच्या नियमित लसीकरणात आली.