मोटरहोम : चाकांवरच्या घराची मालकी, निगा आणि युरोपप्रवास

मोटरहोम म्हणजे एकाच सांगाड्यात कोंबलेले वाहन आणि घर. ते विकत घेताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर घर असते: झोपायला पलंग, स्वयंपाकाचा ओटा, खिडकीबाहेर आल्प्सची शिखरे आणि मुलांना हवी तेव्हा मिळणारी वरणभाताची मूद. प्रत्यक्षात कायदा त्याच्याकडे वाहन म्हणून पाहतो, आणि पाऊस त्याच्याकडे घर म्हणून. या दोन बाजूंपैकी एकीकडे दुर्लक्ष झाले की परवान्याचा, विम्याचा किंवा दुरुस्तीचा मोठा भुर्दंड बसतो. ब्रिटनमध्ये राहून मोटरहोम बाळगू इच्छिणाऱ्या आणि ती घेऊन युरोपात जाऊ पाहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी या विषयाची ही क्रमवार मांडणी.

पूर्वपीठिका आणि प्रकार

हौसेखातर फिरते घर बांधण्याची ब्रिटिश परंपरा जुनी आहे. शाही नौदलात शल्यचिकित्सक राहिलेले लेखक विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ मध्ये ब्रिस्टल येथे ‘द वाँडरर’ नावाची घोड्यांनी ओढायची गाडी बांधून घेतली. निव्वळ पर्यटनासाठी बांधलेली ती पहिली कॅरॅव्हॅन मानली जाते. १९०७ मध्ये कॅरॅव्हॅन क्लबची स्थापना झाली. आज तो ‘कॅरॅव्हॅन अँड मोटरहोम क्लब’ या नावाने ओळखला जातो.

आजच्या मोटरहोमचे ढोबळमानाने चार प्रकार आहेत. मालवाहू व्हॅनच्या मूळ पत्र्याच्याच कवचात घर बसवले की ती कॅम्परव्हॅन. चालकाची केबिन तशीच ठेवून मागे स्वतंत्र खोली बांधली की ती कोचबिल्ट. केबिनच्या छतावर पलंग काढला की ओव्हरकॅब. मूळ केबिन काढून टाकून पुढपासून मागपर्यंत सगळेच नव्याने बांधले की ए-क्लास. युरोपातील बहुसंख्य मोटरहोमचा पाया फियाट डुकाटोचा असतो, त्यामुळे इंजिनाची दुरुस्ती कोणत्याही देशात फारशी अवघड जात नाही. अडचण येते ती घराच्या भागाची.

परवाना : पहिली पायरी

१ जानेवारी १९९७ पूर्वी ब्रिटनमध्ये मोटारीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना सामान्यतः सी-१ श्रेणीचा अधिकार आपोआप मिळालेला आहे. ते ७,५०० किलोपर्यंतची गाडी चालवू शकतात. आपल्यापैकी बहुतेकांनी त्यानंतरच येथे येऊन परीक्षा दिलेली असल्याने आपल्या परवान्यावर केवळ बी श्रेणी असते. या श्रेणीत डिझेलवर चालणाऱ्या मोटरहोमची मर्यादा ३,५०० किलो आहे. हा आकडा गाडीच्या रिकाम्या वजनाचा नाही, तर तिच्या अनुज्ञेय कमाल वजनाचा आहे, हे ध्यानात ठेवावे.

भारतीय परवान्यावर येथे स्थायिक झाल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते. त्यानंतर ब्रिटिश परीक्षा द्यावीच लागते, कारण भारताचा परवाना थेट बदलून मिळत नाही. ज्यांनी ही परीक्षा ऑटोमॅटिक गाडीवर दिली, त्यांना हाताने गिअर बदलायची गाडी चालवता येत नाही. जुन्या बाजारातील बहुतांश मोटरहोम अशाच गिअरच्या असतात. सौदा ठरवण्यापूर्वी परवान्याची मागची बाजू वाचावी, असे म्हणतात ते याचसाठी.

वजनाचे गणित

मोटरहोमच्या व्यवहारात सर्वांत जास्त फसगत होते ती वजनात. विक्रेत्याच्या पत्रकात ‘वहनक्षमता ४०० किलो’ असे लिहिलेले असते आणि तो आकडा ऐसपैस वाटतो. चालकाचे ७५ किलो आणि टाकीतील बहुतेक इंधन त्यात आधीच धरलेले असते, हे खरे. आता पुढची बेरीज पाहावी. पत्नी आणि दोन मुले यांचे मिळून १४५ किलो. टाकीतले १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. बाहेर उघडायची कनात ३० किलो. दुसरी बॅटरी २५ किलो. दोन सायकली आणि त्यांचे रॅक मिळून ५० किलो. एकूण झाले ३५० किलो. उरलेल्या ५० किलोंत चौघांचे कपडे, अंथरुणे, टेबल-खुर्च्या, तांदूळ-डाळी, कुकर आणि परतीच्या वाटेवर घेतलेली खरेदी बसवायची असते.

वजन केवळ एकूण मर्यादेत असून भागत नाही; प्रत्येक एक्सलची मर्यादा वेगळी असते. आमच्या पहिल्या मोटरहोमचे एकूण वजन मर्यादेत होते, पण वजनकाट्यावर मागचा एक्सल जास्त भरला, कारण जड सामान आणि सायकली सगळ्या मागच्या बाजूला होत्या. सामानाची जागा बदलल्यावर आकडा ताळ्यावर आला. पहिल्या सहलीपूर्वी गाडी पूर्ण भरून, माणसांसह, सार्वजनिक वजनकाट्यावर नेणे हा सर्वांत स्वस्त विमा आहे. जादा भाराने थांबण्याचे अंतर वाढते, टायर तापून फुटतात, दंड होतो आणि अपघात झाल्यास विमा कंपनीशी वाद उभा राहतो.

खरेदी : झोपायच्या जागा आणि बसायच्या जागा

‘सहा जणांची मोटरहोम’ याचा अर्थ सहा जण झोपू शकतात एवढाच असतो. पट्टे असलेल्या आसनांची संख्या चारच असू शकते. भारतातून आई-बाबा येणार आणि सगळे मिळून फ्रान्सला जाणार, असा बेत असेल तर हा फरक फार महत्त्वाचा आहे. पट्टे मोजावेत, पलंग नंतर मोजावेत. १२ वर्षांखालील आणि १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना योग्य बालआसन लागते, आणि ते आडव्या तोंडाच्या बाकावर बसवता येत नाही. आपले बालआसन सोबत नेऊन ते प्रत्यक्ष लावून पाहावे.

दुसरी कसोटी ओल. कोचबिल्ट गाडीचे सांधे, खिडक्यांच्या चौकटी आणि छतावरील झरोके यांतून पाणी झिरपू लागले की भिंतीच्या आतली लाकडी पट्टी कुजते, आणि बाहेरून काही महिने काहीच दिसत नाही. कोपऱ्यांतला कुबट वास, भिंतीच्या आवरणावरील फुगे, पायाखाली दबणारी जमीन ही लक्षणे. ओलमापकाने घेतलेल्या नोंदी १५ टक्क्यांच्या आत असाव्यात. २० टक्क्यांपुढचा आकडा दुरुस्तीकडे बोट दाखवतो. विक्रेत्याचा स्वतःचा अहवाल पुरेसा मानू नये. स्वतंत्र तंत्रज्ञाकडून तपासणी करून घ्यावी.

तिसरी बाब गाडी उभी करण्याच्या जागेची. नव्या वसाहतींतील अनेक घरांच्या मालकीपत्रात दारासमोर कॅरॅव्हॅन किंवा मोटरहोम उभी करण्यास मनाई करणारे कलम असते. घर घेताना वकिलाने पाठवलेली कागदपत्रे अशा वेळी पुन्हा काढावीत. मनाई असल्यास सुरक्षित भाड्याच्या जागेचा वार्षिक खर्च हिशेबात धरावा.

वर्षभराची निगा

वाहन म्हणून मोटरहोमला तीन वर्षांनंतर दरवर्षी एमओटी चाचणी लागते. त्या चाचणीत ब्रेक, दिवे, टायर पाहिले जातात. गॅस, पाणी आणि ओल पाहिली जात नाही. त्यासाठी घराच्या भागाची वेगळी वार्षिक तपासणी असते, जिला ‘हॅबिटेशन चेक’ म्हणतात. ती कायद्याने सक्तीची नाही, पण उत्पादकाची हमी टिकवण्यासाठी बहुधा आवश्यक असते आणि जिवाच्या दृष्टीने तर असतेच. बंद जागेत गॅस अर्धवट जळाला की तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा सूचक आणि धुराचा सूचक दोन्ही चालू असलेच पाहिजेत. थंडी लागते म्हणून जमिनीतील झरोके कापडाने बुजवणे हा जीवघेणा शहाणपणा आहे; गळालेला गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो बाहेर पडावा म्हणूनच ते झरोके ठेवलेले असतात. ओट्याच्या शेगडीचा उपयोग खोली तापवण्यासाठीही कधी करू नये.

गॅसची निवडही हवामानावर ठरते. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप होणे थांबवतो, तर प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत काम देतो. हिवाळी प्रवासात म्हणूनच प्रोपेन हवा.

मोटरहोमचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, कारण गाडी वर्षातून बरेच महिने एकाच जागी उभी असते. टायरच्या बाजूवरील चार अंकी संकेतात पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसत असली तरी वय पाहूनच निर्णय घ्यावा.

हिवाळ्यापूर्वी टाक्या, नळ, गरम पाण्याचा बंब आणि शौचालयाची पेटी पूर्ण रिकामी करावी. गोठलेले पाणी नळ्या आणि पंप फोडते. साधी शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून जास्त उतरू देऊ नये. लिथियम बॅटरी अधिक खोलवर वापरता येते, पण महाग पडते.

युरोपप्रवास : कागदपत्रे

ब्रिटिश पासपोर्टधारकांना शेंगेन क्षेत्रात कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येते. प्रवेशाचा आणि निर्गमनाचा असे दोन्ही दिवस त्यात मोजले जातात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून ही नोंद नव्या संगणकीय प्रवेश-निर्गमन प्रणालीत टप्प्याटप्प्याने होऊ लागली आहे. शिक्का पुसट उठला, ही सबब आता चालणार नाही.

भारतीय पासपोर्ट असलेल्यांना, ब्रिटनमधील वास्तव्य कायमचे असले तरी, शेंगेन व्हिसा लागतो. भेटीस आलेल्या आई-वडिलांचा ब्रिटिश व्हिसाही तिकडे चालत नाही. अर्ज ज्या देशात अधिक दिवस राहणार त्याच्या दूतावासाकडे करायचा असतो, आणि मुक्कामाचा पुरावा द्यावा लागतो. ‘वाट फुटेल तिकडे जाऊ’ हे मोटरहोमचे खरे सुख या अर्जात बसत नाही. म्हणून मुख्य मुक्कामांची कॅम्पसाइट आरक्षणे आधी करून अर्जासोबत जोडणे हाच राजमार्ग.

गाडीसोबत मूळ नोंदणीपत्र आणि विमापत्र असावे. ऑगस्ट २०२१ पासून युरोपीय संघात ग्रीन कार्डाची सक्ती उरलेली नाही, तरी विम्यात परदेशातील किती दिवस समाविष्ट आहेत हे पाहावे. २८ सप्टेंबर २०२१ पासून जुन्या ‘जीबी’ चिन्हाची जागा ‘यूके’ने घेतली आहे. डावीकडे झुकणारे हेडलाइट झाकणारे स्टिकर, धोक्याचा त्रिकोण आणि चमकत्या बंड्या आवश्यक. सायकली मागे टांगल्या असतील तर स्पेन आणि इटलीत तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा फलक लावावा लागतो.

शिध्याबाबत एक कटू सूचना. ग्रेट ब्रिटनमधून युरोपीय संघात जाताना मांस आणि दुग्धजन्य पदार्थ नेण्यास प्रवाशांना मनाई आहे. तूप, पनीर, श्रीखंड यांचे डबे घरीच ठेवावेत. डाळ, तांदूळ, पोहे, मसाले मात्र खुशाल न्यावेत.

रस्ता आणि मुक्काम

युरोपातही ३,५०० किलो हीच लक्ष्मणरेषा आहे. स्वित्झर्लंडमध्ये त्याखालील गाडीला ४० फ्रँकचे वार्षिक विन्येट पुरते, त्यावरील गाडीला वेगळा जड-वाहन कर लागतो. ऑस्ट्रियात त्यावरील गाडीला अंतरानुसार पथकर मोजणारे यंत्र लावावे लागते. फ्रान्समध्ये त्यावरील गाडीच्या दोन्ही बाजूंना आणि मागे, चालकाला न दिसणाऱ्या कोनांचा इशारा देणारी चित्रे २०२१ पासून सक्तीची आहेत; तेथील पथकर उंचीवरही ठरतो. गाडीची उंची मीटर आणि फूट दोन्हींत लिहून चालकासमोर चिकटवावी. फ्रान्समधील ‘क्रिटएर’ आणि जर्मनीतील पर्यावरण-स्टिकर शहरात शिरण्यापूर्वीच मिळवावे लागते.

रात्रीच्या मुक्कामासाठी फ्रान्समध्ये ‘एर’ आणि जर्मनीत ‘श्टेलप्लात्स’ या नावाच्या साध्या, स्वस्त जागा गावोगावी असतात. ‘फ्रान्स पासियाँ’ या योजनेच्या सभासदांना शेतकरी आणि द्राक्षमळेवाले एक रात्र आपल्या आवारात थांबू देतात. स्कॉटलंड आणि स्वीडनमधील मुक्त भ्रमणाचा प्रसिद्ध हक्क पायी चालणाऱ्यांचा आहे. मोटरहोमला तो लागू नाही. क्रोएशियात कॅम्पसाइटबाहेर रात्र काढल्यास दंड होतो.

कॅम्पसाइटवरील वीज ब्रिटनमध्ये बहुधा १६ अँपिअरची, युरोपात अनेकदा ६ अँपिअरचीच असते. ६ अँपिअर म्हणजे सुमारे १,३८० वॉट. दोन हजार वॉटची किटली लावली की वीज जाते, कधी शेजाऱ्याचीही. चहा गॅसवर करावा. ब्रिटिश सिलिंडर मात्र युरोपात बदलून मिळत नाही. पुरेल इतका गॅस येथूनच न्यावा.

विकत की भाड्याने?

वर्षातून दोनच आठवडे जाणार असाल तर विमा, कर, तपासण्या, जागेचे भाडे आणि किमतीतील घट यांची बेरीज भाड्यापेक्षा जास्त होण्याचीच शक्यता अधिक. विकत घेण्याचे ठरलेच असेल, तर आधी त्याच प्रकारची गाडी चार दिवस भाड्याने घ्यावी, आणि ती जूनमध्ये नव्हे, नोव्हेंबरमध्ये. पाऊस पडत असताना ओले बूट कुठे ठेवायचे, शौचालयाची पेटी रिकामी करायला कोण जाणार, आणि चौघेजण दीड मीटरच्या वाटेत एकमेकांना ओलांडून कसे जाणार, या तीन प्रश्नांची उत्तरे त्या चार दिवसांत मिळतात. ती पटली तर खुशाल किल्ली हाती घ्यावी.