पेंचेच्या कांठची एक जुनी पांढर

विदर्भाच्या इतिहासाची गोष्ट निघाली म्हणजे आम्ही बहुधा वाकाटकांपासून आरंभ करितों, आणि यादव, देवगडचे गोंड राजे व नागपूरकर भोसले अशा पायऱ्या उतरत खालीं येतों. परंतु वाकाटकांच्या पूर्वीं सुमारें 900 वर्षें ह्याच भूमींत लोक शेतें पेरीत होते, गुरें राखीत होते व लोखंड गाळीत होते, हें आमच्या स्मरणांत फारसें नसतें. त्यांनीं शिलालेख कोरले नाहींत. मागें राहिले ते दगड, खापरें आणि जळके दाणे.

त्यांची ओळख प्रथम झाली ती थडग्यांवरून. 1867 च्या सुमारास कामठीजवळच्या वारेगांवीं मेजर पीअर्स यांनीं एक शिळावर्तुळ खणलें. मध्यप्रांतांत कापूस-कमिशनर असलेले रिवेट-कारनॅक यांनीं नागपुराजवळच्या जुनापाणी येथील वर्तुळें उकरून त्यांचा वृत्तांत 1879 सालीं प्रसिद्ध केला. जुनापाणीस अशीं सुमारें 300 वर्तुळें आहेत. पुढें 1970 नंतर माहुरझरीच्या थडग्यांत घोड्यांच्या अस्थि व तांब्याचा साज सांपडला. थडगीं पुष्कळ आणि घरें मात्र थोडीं, ह्यावरून हे लोक गुरें-घोडीं घेऊन हिंडणारे भटके असावेत, असा तर्क कांहीं विद्वानांनीं केला.

ह्या तर्काला उत्तर मिळालें तें पेंचेच्या कांठीं. नायकुंड हें पारशिवनी तालुक्यांतील लहानसें खेडें. 1978 ते 1980 ह्या काळांत पुण्याचें डेक्कन कॉलेज व महाराष्ट्र शासनाचें पुरातत्त्व खातें यांच्या वतीनें डॉ. शां. भा. देव व डॉ. अ. प्र. जामखेडकर यांनीं तेथें उत्खनन केलें. वर्तुळांबरोबर त्यांनीं वस्तीची जागाही खणली. तेथें लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली: वांकदार मातीच्या विटांनीं रचलेली, भात्याच्या मातीच्या नळीसह, आणि भोंवतीं लोहकिटाचे तुकडे. तिचा काळ इ. स. पूर्व सातव्या शतकाच्या सुमाराचा मानितात. नायकुंड व भागीमोहारी येथील जळक्या दाण्यांत तांदूळ, गहू, जव, मसूर व वाटाणा ओळखतां आले.

तांदूळ खरिपाचा, गहू व मसूर रब्बीची. जो मनुष्य एका शेताची कापणी करून दुसऱ्या हंगामाची पेरणी करितो, तो भटका कसा म्हणावा? शिवाय अवजड धोंडे ओढून वर्तुळ रचावयास अनेक हात लागतात, आणि तितके दिवस त्या हातांना कोणीतरी पोसावें लागतें. म्हणजे ज्या वर्तुळांवरून आम्ही ह्या लोकांस भटके ठरविलें, तीं वर्तुळेंच त्यांच्या कोठारांची साक्ष देतात.

आमचें खेडें आपली जमीन दोन शब्दांनीं ओळखतें: पिकते ती काळी आणि वसते ती पांढरी. धोंड्यांचीं वर्तुळें दुरून दिसतात, म्हणून त्यांकडे लक्ष जातें. पांढरीचें टेकाड मात्र मुकें असतें. त्याची माती खतासारखी उपयोगी पडते, म्हणून ती गाड्या भरभरून काळींत नेऊन पसरतात. शेतकऱ्याचा ह्यांत दोष नाहीं. त्याला ती माती आहे, इतिहास नाहीं. परंतु त्या मातीबरोबर घराची जमीन, खांबाचा खळगा आणि चुलीजवळ सांडलेला दाणाही जातो, आणि तो पुन्हा मिळत नाहीं.

आज नागपूर शहर पेंचेचें पाणी पितें. त्याच पाण्यावर सत्तावीसशें वर्षांपूर्वीं एक गांव नांदत होतें. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मूळ गांवें व वडिलोपार्जित शेतें ह्याच नद्यांच्या कांठीं आहेत. त्यांच्या शिवारांत खापरांनीं भरलेलें टेकाड असेल, तर त्याची माती उचलण्यापूर्वीं पुरातत्त्व खात्यास किंवा नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन इतिहास विभागास एक पत्र लिहावें. राजांच्या सनदा जपणारीं दप्तरें आहेत. शेतकऱ्याची सनद एवढ्या पांढरीतच आहे.