तो पूर्वीसारखा होईल का?

कल्याणहून कर्जतकडे निघालं की पहिलं स्टेशन आपलं विठ्ठलवाडी. सकाळच्या लोकलच्या दारात लटकून आपली माणसं कामाला जातात. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ चालत्या लोकलमधून प्रवासी पडले, काहींचा जीव गेला. त्यामुळे डोक्याला मार लागणं ही आपल्यासाठी पुस्तकातली गोष्ट नाही. असा माणूस इस्पितळात गेला की सीटी स्कॅन होतो आणि घरचे विचारतात, "डॉक्टर, तो पूर्वीसारखा होईल का?" स्कॅनला या प्रश्नाचं उत्तर देता येतं का, याचाच इतिहास आज आपण पाहू.

सीटीच्या आधी जिवंत माणसाचा मेंदू बघणं फार अवघड होतं. साध्या एक्सरेत कवटी दिसते, आतलं रक्त दिसत नाही. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी झाला. यंत्र बनवलं होतं गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी, आणि ते नोकरीला होते ईएमआय कंपनीत. हो, तीच गाण्याच्या रेकॉर्डवाली! १९७९ मध्ये त्यांना ॲलन कॉरमॅक यांच्यासह नोबेल मिळालं.

याच काळात ग्लासगोमध्ये दुसरं काम चाललं होतं. १९७४ मध्ये टीसडेल आणि जेनेट यांनी शुद्ध मोजायची पट्टी दिली. रुग्ण डोळे कसा उघडतो, बोलतो कसा, हातपाय कसे हलवतो, यावर ३ ते १५ गुण. पुढच्याच वर्षी जेनेट आणि बाँड यांनी विचारलं, वाचल्यावर माणूस जगतो कसा? त्यांनी पाच पायऱ्या केल्या: मृत्यू, जाणीव नसलेली अवस्था, गंभीर अपंगत्व, मध्यम अपंगत्व, चांगली सुधारणा. म्हणजे बघा, जगण्याची मोजणी यंत्राने सुरू झालीच नाही. ती रुग्णाजवळ बसून, विचारपूस करून सुरू झाली.

मग स्कॅनवरून भाकीत कुठवर आलं? १९९१ चं मार्शल वर्गीकरण, २००५ चा रॉटरडॅम गुणांक. मेंदूची मधली रेषा किती सरकली, तळाच्या पोकळ्या दबल्या का, रक्ताची गाठ आहे का, हे त्यांत पाहतात. पण रॉटरडॅमचा गुणांक सांगतो तो सहा महिन्यांत मृत्यू येण्याची शक्यता. २००८ मध्ये १०,००८ रुग्णांच्या माहितीवरून 'क्रॅश'ची गणितं आली. त्यांत वय, शुद्ध, बाहुल्यांची हालचाल आणि स्कॅन हे सगळं आहे. शिवाय श्रीमंत देशांसाठी एक गणित आणि गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी दुसरं! म्हणजे स्कॅन तोच असला, तरी आपण कुठे राहतो यावर भाकीत बदलतं. आणि विसराळूपणा, चिडचिड, कामात लक्ष न लागणं? मेंदूतले बारीक तंतू ताणले गेले तर पहिला सीटी चक्क नॉर्मल येऊ शकतो. 'रिपोर्ट चांगला आहे' म्हणून घरी आणलेला माणूस बदललेला असतो, आणि मग घरचे त्यालाच दोष देतात.

आपल्या मुंबईचं उदाहरण घेऊ. २७ नोव्हेंबर १९७३ ला केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला. गळा आवळल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला. हा डोक्यावरचा मार नव्हे, पण प्रश्न तोच. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन डॉक्टरांना त्यांना तपासायला पाठवलं. रुग्णालयाने न्यायालयाला सांगितलं की त्या तोंडाने जेवण घेतात, चेहऱ्यावरून प्रतिसाद देतात. हे कुठल्या फिल्ममध्ये दिसणार? ते रोज भरवणाऱ्या परिचारिकांनाच ठाऊक होतं. मे २०१५ मध्ये त्या गेल्या, तोवर या परिचारिकांनीच त्यांना सांभाळलं.

तेव्हा स्कॅन जरूर काढायचा, रक्ताची गाठ वेळेत सापडली तर जीव वाचतो. पण 'पूर्वीसारखा होईल का' याचं उत्तर त्या एका दिवसाच्या फिल्ममध्ये पुरतं मावत नाही. सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा त्या घरी जाऊन विचारावं लागतं.