खेळत्या पाण्याची गोष्ट

मत्स्यालयातल्या काचेपुढे उभे राहिले की आपल्या नजरेस मासे, दगड आणि वर जाणारे हवेचे बुडबुडे पडतात. टाकीच्या मागे काय आहे, हे सहसा कोणी पाहत नाही. तेथे नळ असतात, एल्बो असतात, व्हॉल्व्ह असतात आणि एक पंप अहोरात्र चालू असतो. घरातल्या टाकीत प्रवाळ जगवायचे असेल तर काचेइतकेच महत्त्व या मागच्या बाजूला आहे.

असे का, हे प्रवाळाच्या राहणीवरून समजते. ज्याला आपण पोवळे म्हणतो तो चुनखडीचा सांगाडा बांधणारा प्राणी एका जागी चिकटून बसलेला असतो. त्याला अन्नामागे धावता येत नाही आणि स्वतःच्या उत्सर्गापासून दूरही जाता येत नाही. अन्न आणि प्राणवायू आणून द्यायचा, घाण वाहून न्यायची, ही दोन्ही कामे त्याच्यासाठी समुद्राचे पाणी करते. लाटा आणि भरती-ओहोटी यांचे हे काम घरात कोणी करायचे? या प्रश्नाची उत्तरे गेल्या सुमारे एकशे ऐंशी वर्षांत कशी बदलत गेली, ते आपण येथे पाहू.

मोलकरणीचे हात

१८४६ साली ॲना थिन या इंग्लिश बाई टॉर्की या समुद्रकाठच्या गावी गेल्या होत्या. त्यांचे पती लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये अधिकारी होते. बाईंना भूशास्त्राची आणि प्राण्यांची आवड. किनाऱ्यावर त्यांना पेल्याच्या आकाराचे छोटे जिवंत प्रवाळ मिळाले. लंडनच्या प्रवासात ते गडगडून फुटू नयेत म्हणून त्यांनी सुईदोऱ्याने ते एका मोठ्या स्पंजाला टाके घालून बांधले आणि समुद्राच्या पाण्याने भरलेल्या बरणीत ठेवले.

लंडनमध्ये समुद्राचे पाणी मिळणे अवघड, त्यामुळे तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरणे भाग होते. वापरलेले पाणी ताजे करण्यासाठी ते उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात अर्धा-पाऊण तास ओतत राहायचे, असा उपाय बाईंनी काढला. ओतण्याचे श्रम मात्र त्यांची लहानगी मोलकरीण करी. पुढच्या वर्षी बाईंनी त्या पाण्यात समुद्री शेवाळे लावले, पण शेवाळ्याचे योग्य प्रमाण ठाऊक नसल्याने ओतणेही चालू ठेवले. हे प्रवाळ सुमारे तीन वर्षे जगले, त्यांची संख्याही वाढली. बाईंचा या विषयावरील लेख १८५९ साली प्रसिद्ध झाला. त्या मुलीचे नाव त्यात नाही, पण घरातल्या प्रवाळटाकीचा पहिला पंप म्हणजे तिचे हात होते.

वनस्पतींवर भिस्त

ही मेहनत टाळता येईल अशी आशा लवकरच निर्माण झाली. रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने गोड्या पाण्याच्या भांड्यात दोन गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवल्या. १८५० साली त्याने आपले निष्कर्ष मांडले : वनस्पती प्राणवायू देतात, मासे तो वापरतात, कुजकी पाने गोगलगायी खातात आणि पाणी न बदलता सारे जगतात. १८४५ साली इंग्लंडमध्ये काचेवरचा कर उठल्याने काचही स्वस्त झाली होती. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले. १८५४ साली फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाने 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक लिहिले आणि त्याच वर्षी कृत्रिम समुद्रजलाची कृतीही प्रसिद्ध केली. इंग्लंडमधील दिवाणखान्यांत काचेच्या टाक्यांचे वेडच पसरले.

पण बहुतेक टाक्यांतील पाणी काही दिवसांत हिरवे तरी होई किंवा त्याला दुर्गंधी तरी येई. वॉरिंग्टनचे तत्त्व खोटे नव्हते, ते अपुरे होते. प्राण्यांच्या उत्सर्गातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो, आणि तो अल्प प्रमाणातही विषारी असतो. लहान, साचलेल्या पाण्यात त्याचा निचरा पुरेशा वेगाने होत नाही. १८६०च्या दशकात हे वेड ओसरले.

लॉइडची काळोखी टाकी

पुढचे पाऊल टाकले विल्यम आल्फर्ड लॉइड याने. लंडनमध्ये मत्स्यालयाच्या साहित्याचे दुकान चालवणारा हा गृहस्थ पुढे पॅरिस आणि हॅम्बुर्ग येथील सार्वजनिक मत्स्यालयांच्या उभारणीत गुंतला. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्याने उभारलेल्या मत्स्यालयात प्रेक्षकांना दिसणाऱ्या टाक्यांत सुमारे २०,००० गॅलन म्हणजे ९० हजार लिटर पाणी होते. खालच्या, न दिसणाऱ्या अंधाऱ्या टाकीत त्याच्या पाचपट, म्हणजे सुमारे साडेचार लाख लिटर. वाफेच्या यंत्रावर चालणारे पंप ते पाणी सतत वर चढवत आणि ते टाक्यांमधून वाहत पुन्हा खाली येई.

या रचनेमागचा विचार साधा होता. पाण्याचा साठा मोठा असला की घाण विरळ होते. अंधारात शेवाळे माजत नाही आणि पाणी थंड राहते. वाहताना ते हवेतला प्राणवायू घेते. नळ कशाचे असावेत, हाही प्रश्न होताच. तांबे समुद्राच्या पाण्यात किंचित जरी विरघळले तरी प्रवाळ, शिंपले, कोळंबी यांसारख्या जिवांना ते घातक ठरते. म्हणून त्या काळच्या मत्स्यालयांत कडक केलेल्या रबराचे नळ वापरात आले. नेपल्स येथील आन्टोन डोर्नच्या प्रसिद्ध सागरी संशोधन केंद्राचे मत्स्यालय १८७४ साली उघडले, त्याच्या रचनेतही लॉइडचा सल्ला होता.

न दिसणारे कामगार

लॉइडची पद्धत यशस्वी झाली, पण तिच्या यशाचे एक कारण त्यालाही ठाऊक नव्हते. १८७७ साली श्लोएझिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू व चुनखडीच्या स्तंभातून सांडपाणी सावकाश झिरपत सोडले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. मग खालून येणाऱ्या पाण्यातला अमोनिया नाहीसा होऊन त्याऐवजी नायट्रेट येऊ लागले. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया थांबली. म्हणजे हे काम वाळूचे नव्हते, वाळूवर वाढलेल्या सजीवांचे होते. १८९०च्या सुमारास विनोग्राड्स्की याने हे जीवाणू वेगळे करून दाखवले.

दगडांवर, भिंतींवर आणि नळांच्या आतल्या पृष्ठभागावर हेच जीवाणू थर धरतात. वाहते पाणी त्यांना अमोनिया आणि प्राणवायू दोन्ही पोचवते. वाहणे थांबले की प्राणवायू संपतो आणि या कामगारांचे काम थांबते.

नळकाम घरात येते

१९६१ साली जाकार्ताच्या ली चिन एंग याने अमेरिकन मासिकात आपली पद्धत मांडली. समुद्रातून आणलेले सच्छिद्र, जिवंत दगड, वाळू, समुद्राचे पाणी, सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे, बस्स! त्या दगडांच्या बाहेरच्या भागात अमोनियाचे नायट्रेट करणारे जीवाणू असतात. आतल्या, प्राणवायू कमी असलेल्या पोकळ्यांत नायट्रेटचे रूपांतर नायट्रोजन वायूत करणारे जीवाणू राहतात. एंगच्या घराजवळ समुद्र होता. युरोपातल्या हौशी मंडळींच्या घराजवळ तो नव्हता.

बर्लिनमधील हौशी मंडळींनी १९७० आणि १९८०च्या दशकांत त्यावर तोडगा काढला. त्यांनी जिवंत दगडांच्या जोडीला फेस काढणारे उपकरण वापरले. किनाऱ्यावर जसा फेस जमतो तसा सेंद्रिय घाणीचा फेस करून ती कुजण्याआधीच बाहेर काढायची. रीफ बांधणाऱ्या प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवाले राहतात, त्यांच्यासाठी प्रखर दिवे लावले. सांगाड्यासाठी लागणाऱ्या कॅल्शियमसाठी पीटर विल्केन्स याने शाळेच्या प्रयोगशाळेत असते तीच चुन्याची निवळी वापरली. दिएत्रिश श्ट्यूबर याच्या टाकीतल्या शिंगासारख्या प्रवाळाचे तुकडे एकाकडून दुसऱ्याकडे जात अनेक घरांत वाढले. फांदी लावून झाड वाढवावे तसे प्रवाळ तुकड्यापासून वाढवता येते, हे या घरगुती टाक्यांनी अनेकांना दाखवले.

१९८६ साली अमेरिकेत जॉर्ज स्मिट याच्या लेखांमुळे 'मिनी रीफ' टाकी घरोघरी पोचली. तयार सामान महाग, म्हणून लोकांनी पीव्हीसीचे नळ कापले, सोल्युशन लावून जोडले आणि लॉइडची रचना टेबलाखाली उतरवली.

ती समजायला आपल्या सोसायटीची जमिनीखालची आणि गच्चीवरची टाकी आठवावी. फरक इतकाच की येथे पाणी वापरून संपत नाही, फिरत राहते. वरच्या टाकीतून पाणी ओव्हरफ्लोच्या तोंडातून गुरुत्वाकर्षणाने खाली येते. खालच्या टाकीत ते साफ होते आणि पंप ते वर पाठवतो. वरची पातळी मुख्यतः ओव्हरफ्लोच्या उंचीवर ठरते, पंपाच्या जोरावर नाही.

आता वीज गेली असे समजा. टाकी १२० सेंमी लांब व ४५ सेंमी रुंद आहे. पाणी ओव्हरफ्लोच्या काठापर्यंत २ सेंमी उतरले तर १२० × ४५ × २ = १०,८०० घनसेंमी, म्हणजे सुमारे ११ लिटर पाणी खाली येईल. पण पंपाकडून वर येणाऱ्या नळाचे तोंड पाण्यात १५ सेंमी बुडालेले असेल, तर तोच नळ उलटी वक्रनलिका म्हणजे सायफन बनतो, आणि पातळी त्याच्या तोंडापर्यंत उतरेतो ८१ लिटर पाणी खाली येते. खालच्या टाकीत तेवढी मोकळी जागा नसेल तर ते जमिनीवर! उपाय अगदी छोटा आहे. त्या नळाला पाण्याच्या पृष्ठभागालगत खाली एक भोक पाडायचे. पातळी जराशी उतरली की भोकातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. त्या भोकात गोगलगाय बसू शकते, म्हणून जाणकार खालच्या टाकीत जागाही राखून ठेवतात. ओव्हरफ्लोचा नळ तुंबला तर वरून पाणी सांडू नये यासाठी शेजारी थोडा उंच असा दुसरा नळ बसवतात. घरगुती प्रवाळटाकीचे नळकाम म्हणजे 'हे बंद पडले तर काय?' या प्रश्नाची एकामागून एक दिलेली उत्तरे होत.

हौसेकडून गरजेकडे

२०१३ साली लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जेमी क्रॅग्ज आणि सहकाऱ्यांनी बंदिस्त टाक्यांत ऋतूंप्रमाणे बदलते तापमान, दिवसाची लांबी आणि चंद्रप्रकाश यांची नक्कल करून प्रवाळांचे प्रजनन घडवून आणले. हे संग्रहालय लॉइडच्या क्रिस्टल पॅलेसपासून काही किलोमीटरवरच आहे. तिकडे अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर २०१४ साली प्रवाळांना नष्ट करणारा एक रोग दिसला. २०१८पासून तेथील निरोगी प्रवाळ समुद्रातून काढून देशभरातील मत्स्यालयांत हलवण्यात आले. २०१९ साली फ्लोरिडा मत्स्यालयात, हॉर्निमनच्या मदतीने, अटलांटिकमधील स्तंभाकार प्रवाळाने प्रयोगशाळेत प्रथमच प्रजनन केले. २०२३ साली त्या किनाऱ्याचे पाणी अतोनात तापले आणि समुद्रात उरलेल्या प्रवाळांचीही मोठी हानी झाली. त्या प्रवाळांचा बराचसा वारसा आज नळ आणि पंप यांच्या भरवशावर जगत आहे.

याचा अर्थ टाकी समुद्राची जागा घेईल असा नाही. काही हजार लिटर पाणी शुद्ध ठेवायला किती यंत्रे, किती वीज आणि किती जागरणे लागतात, हेच या इतिहासातून दिसते. आपल्याकडे मालवणजवळ प्रवाळ आहेत. २००१ सालापासून भारतातील रीफ बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यामुळे शाळेच्या संग्रहासाठीही ते तोडून आणू नयेत.

वर्गात करायचा प्रयोग मात्र सोपा आहे. दोन बादल्या, हात-दोन हात प्लॅस्टिकची नळी आणि साधे पाणी घ्यावे. एक बादली उंचावर ठेवून सायफन चालू करावा. मग नळीच्या पाण्यातील टोकापासून बोटभर वर सुईने भोक पाडून पुन्हा प्रयोग करावा. पाणी भोकाखाली उतरल्यावर काय होते, ते विद्यार्थ्यांना आधी कागदावर लिहायला सांगावे आणि मगच पाहू द्यावे. सुईचे भोक पुरेसे नसेल तर ते किती मोठे करावे लागते, हेही त्यांनाच शोधू द्यावे.