माईनमुळा आणि हृदयाचे दार

पेणहून उरणच्या बाजूला गेले की समुद्रात घारापुरी आहे. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात धाडलेल्या मोहिमेतला कार्स्टन नीबूर १७६३ मध्ये मुंबईस पोचला आणि त्याने या लेण्यांची रेखाटने केली. त्याचा सोबती, वनस्पतिशास्त्रज्ञ पेटर फोर्सकोल, त्याच वर्षी येमेनमध्ये हिवतापाने गेला होता. वय अवघे एकतीस. आपला देश कधीच न पाहिलेल्या या माणसाचे नाव पुढे आपल्याकडच्या एका झाडाला मिळाले : कोलियस फोर्सकोली. आपला माईनमुळा, गुजरातेतला गरमर. त्याच्या मुळांचे लोणचे घालतात.

धाटावमुळे रोहेकरांना रसायनांचे कारखाने नवे नाहीत. पण ही गोष्ट घडली मुलुंडला, होक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रात. १९७० च्या दशकात सुजाता भट, एन. जे. डिसोझा आणि सहकाऱ्यांनी या मुळातून फोर्सकोलिन वेगळे काढले. त्याने रक्तदाब उतरे, आणि हृदयाचे आकुंचन मात्र जोरकस होई. असे का? उत्तराची किल्ली १९८१ मध्ये अमेरिकेत सीमन आणि डाली यांना सापडली. त्याच साली आपला कुलाबा जिल्हा रायगड झाला.

हृदयावर मक्ता आम्हा कवींचा, तरी आतला कारभार विकरांचा, म्हणजे एन्झाइमांचा. आपण घाबरलो, जिना चढलो, की अ‍ॅड्रेनलिन पेशीचे दार ठोठावते. दाराआडचे अ‍ॅडेनिलेट सायक्लेज हे विकर तो निरोप घेऊन सायक्लिक एएमपी तयार करते. त्याने दुसरे विकर जागे होते, कॅल्शियम आत शिरते, स्नायू जोराने आवळतो. फोर्सकोलिन दार ठोठावतच नाही. थेट पहिल्या विकराचा हात धरते.

हृदय दुबळे झाले की शरीर अ‍ॅड्रेनलिनचा मारा करत राहते आणि दारे हळूहळू बहिरी होतात. मग आतूनच विकर हलवले तर? फोर्सकोलिनपासून केलेले एक औषध जपानमध्ये तातडीच्या उपचारात वापरात आले. पण थकल्या घोड्याला चाबकाने किती दिवस पळवणार? सायक्लिक एएमपी मोडू न देणारे मिलरिनोन रोज तोंडाने दिले, तेव्हा १९९१ च्या चाचणीत मृत्यू वाढले. उलट दार थोडे लोटून घेणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्यांनी आयुष्य वाढते, हे १९९९ पर्यंत मोठ्या चाचण्यांत दिसले.

आज माईनमुळ्याचा अर्क वजन उतरवण्याच्या गोळ्यांत विकला जातो. हृदयाची वा रक्तदाबाची औषधे चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून त्या घेऊ नयेत. लोणच्याच्या फोडीचे वेगळे. तिथे काळजी मिठाची.